एकाचे अचानक दोन दिसू लागले तर: कारणापर्यंत कसं पोहोचायचं

बावन्नाव्या वर्षी एका सकाळी उठले तर भिंतीवर दोन घड्याळं. एकमेकांना खेटून, दोन्हींत सात वाजून दहा मिनिटं. उशाशी पडलेला मोबाइल हातात घेतला, तर तो एकच. पुन्हा वर पाहिलं, पुन्हा दोन. डोळे चोळून झाले, तोंडावर पाणी मारून झालं, रात्री झोप नीट झाली नाही म्हणून स्वतःची समजूत घालून झाली. मग वाटलं, चाळिशीचा नंबर बदलला असणार. चष्म्याच्या दुकानात गेले, नंबर तपासून घेतला, चार दिवसांनी नवा चष्मा हातात आला. फरक पडला, नाही असं नाही: दोन्ही घड्याळं आता आधीपेक्षा स्वच्छ दिसू लागली.

या सगळ्यात नऊ दिवस गेले. माझं नशीब थोर, कारण मागचं कारण थांबून राहणारं निघालं. याच लक्षणामागे काही तासही न थांबणारी कारणं असतात. मी डॉक्टर नाही. पण पुढच्या तीन महिन्यांत मला जे जे विचारलं गेलं, ते का विचारलं हे मी चिकाटीने समजून घेतलं. त्यातून एक गोष्ट कळली: दोन दिसण्याचं निदान बरंचसं स्कॅनच्या आधीच, साध्या निरीक्षणांतून होत जातं, आणि ती निरीक्षणं करायला रुग्णाइतका वेळ कुणालाच नसतो.

हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

दोन दिसण्याबरोबर खालीलपैकी काहीही असेल, तर घरच्या चाचण्या, चष्मा, उद्याची अपॉइंटमेंट हे सगळं सोडा आणि ताबडतोब इमर्जन्सी विभाग गाठा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

– आयुष्यात कधी झाली नाही अशी, अचानक उसळलेली डोकेदुखी
– एक पापणी खाली आलेली, किंवा एका डोळ्याची बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधोमधचा काळाभोर गोल, दुसरीपेक्षा मोठी झालेली
– बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, तोल जाणं, गरगरणं
– गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास
– ताप, डोळा लाल होऊन बाहेर आल्यासारखा, चेहऱ्याचा भाग बधिर. मधुमेह असेल तर विशेषच
– डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला त्रास
– गोंधळल्यासारखं वागणं आणि चालताना झोकांड्या, विशेषतः बरेच दिवस उलट्या झाल्या असतील किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल. अशा वेळी जीवनसत्त्व ब-१ची टोकाची कमतरता असू शकते आणि ते लगेच शिरेतून द्यावं लागतं.

पन्नाशीच्या पुढच्यांसाठी आणखी एक, जे सहसा कुणी जोडून पाहत नाही: केस विंचरताना टाळू दुखते, घास चावताना जबडा भरून येतो, कानशिलं ठणकतात, आणि त्यातच मध्येमध्ये दोन दिसतं. ही कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. ती साठी-सत्तरीनंतर जास्त आढळते, पण पन्नाशीपासून तिचा विचार करावाच लागतो. उपचाराला उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करतात, बायोप्सीच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

आणि दोन दिसणं दहा मिनिटांत आपोआप थांबलं, तरी "गेलं एकदाचं" म्हणून सोडून देऊ नका. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा क्षणभर कमी झाला की असंही होऊ शकतं, आणि तो पुढच्या पक्षाघाताचा इशारा असू शकतो.

पहिली पायरी: एक डोळा झाका

नवव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशिनला हातही न लावता आपला तळवा माझ्या उजव्या डोळ्यावर धरला आणि विचारलं, "आता किती?" एक. मग डाव्यावर धरला. एक. दोन्ही उघडे ठेवले. दोन. वीस सेकंदांत अर्धी यादी बाद झाली. चष्म्याच्या दुकानात हे कुणी केलं नव्हतं. राग दुकानावर नाही, स्वतःवरच आला. हे मला घरी आरशासमोरही करता आलं असतं.

एक डोळा झाकल्यावर, मग तो कोणताही असो, दोनाचं एक होत असेल, तर प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे ठीक पाहतोय, फक्त दोघांची दिशा जुळत नाहीये. म्हणजे बिघाड डोळे हलवणाऱ्या स्नायूंत, त्यांना हुकूम देणाऱ्या नसांत, किंवा मेंदूत. याची तपासणी लवकर व्हायला हवी.

उलट, डावा झाकूनही उजव्या एकट्याने दोनच दिसत असेल, तर बिघाड बहुतेक उजव्या डोळ्याच्या आत आहे: कोरडेपणा, तिरपा नंबर, सुरू होणारा मोतीबिंदू, कधी पडद्यावर आलेली पातळ साय. यात दुसरी प्रतिमा सहसा सावलीसारखी पुसट असते. खात्री करायची तर जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा आणि त्यातून पाहा. सावली गेली, तर दोष प्रकाशाच्या वाटेत आहे, म्हणजे नंबर, बुबुळावरचा थर किंवा भिंग. पापण्यांची चार-पाचदा उघडझाप केल्यावर क्षणभर सुधारत असेल, तर कोरडेपणाकडे बोट जातं. हे सगळं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन-चार दिवसांनी दाखवलं तरी चालतं, आणि नवा चष्मा खरोखर कामाला येतो तो इथेच.

जाता जाता एक सांगते. दूर बघताना नाकासमोर धरलेलं बोट दोन दिसतं, ते प्रत्येकालाच दिसतं. चाचण्या करायच्या भरात ही गोष्ट पहिल्यांदाच लक्षात येते आणि माणूस उगाच धसका घेतो. ज्या वस्तूकडे थेट पाहताय, ती दोन दिसते का, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी पायरी: दोन प्रतिमा कशा उभ्या आहेत

इथून पुढचं फक्त दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसणाऱ्यांसाठी. एक वही घ्या आणि लिहून काढा, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर डोकं रिकामं होतं.

एका डोळ्याला सहा स्नायू हलवतात आणि त्यांची सूत्रं तीन नसांच्या हाती असतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक आहेत. या तिसरी, चौथी आणि सहावी. सहावीकडे एकच काम: डोळा कानाच्या दिशेने नेणं. चौथीकडेही एकच: खाली-आत पाहताना डोळा उतरवणं आणि किंचित फिरवणं. उरलेले चारही स्नायू, वर पापणी उचलणं आणि बाहुली लहान करणं हा सगळा पसारा तिसरीकडे.

प्रतिमा शेजारीशेजारी असतील, दूरचं पाहताना त्यांच्यातलं अंतर वाढत असेल आणि एका बाजूला नजर नेली की आणखी फाकत असेल, तर सहावी नस आठवावी. माझं हेच होतं. मोबाइल एक आणि घड्याळ दोन, याचं उत्तर इथे मिळालं: जवळ बघताना डोळे आत वळतात, तेव्हा बाहेर ओढणाऱ्या स्नायूची गरजच नसते. कोणता डोळा, हे शोधायची युक्ती सोपी आहे. ज्या बाजूला अंतर सर्वांत जास्त, तिकडे पाहा आणि आळीपाळीने डोळे झाका. जो झाकल्यावर सर्वांत कडेची प्रतिमा नाहीशी होते, तो दोषी. माझ्या बाबतीत डावीकडे पाहताना, डावा.

प्रतिमा वर-खाली असतील, एक जरा कललेली असेल, जिना उतरताना पायऱ्या नेमक्या कुठे आहेत ते कळत नसेल आणि पुस्तक वाचताना ओळी एकमेकींवर चढत असतील, तर चौथी. हिचा माणूस नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो, दोषी डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. ही नस बारीक आणि कवटीतला तिचा प्रवास सर्वांत लांबचा, त्यामुळे डोक्याला लागलेल्या माराने ती सहज दुखावते.

वर पाहताना दोन दिसत असेल आणि सकाळी उठल्या उठल्या जास्त त्रास असेल, तर नसेपेक्षा थायरॉइडशी संबंधित डोळ्यांचा आजार जास्त शक्य असतो. त्याबद्दल पुढे.

तिसरी पायरी: आरसा, उजेड आणि जुना फोटो

खिडकीसमोर आरसा धरून दोन्ही पापण्यांची उंची आणि दोन्ही बाहुल्यांचा आकार पाहा. एकदा भरपूर उजेडात, एकदा मंद उजेडात. फोन समोर धरून दोन्ही वेळी फोटो काढलात तर आणखी बरं.

बाहुलीवर इतका जोर का, हे मला उशिरा कळलं. तिसऱ्या नसेच्या पोटात अनेक धागे आहेत, पण बाहुली लहान करणारे धागे नसेच्या वरच्या थरात, सालीसारखे असतात. बाहेरून काही दाबलं, की आधी तेच चेपले जातात आणि बाहुली मोठी होते. बाहेरून दाबणारं ते बऱ्याचदा मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा असतो, ज्याला अॅन्युरिझम म्हणतात. तो फुटण्याआधी सापडणं म्हणजे जीव वाचणं. याउलट मधुमेहात नसेच्या गाभ्यातला बारीक रक्तपुरवठा अडतो. गाभा उपाशी राहतो, साल तगून राहते. म्हणून पापणी पडलेली, डोळा खाली-बाहेर वळलेला, पण बाहुली अगदी नीट, असं चित्र दिसतं. डॉक्टर टॉर्च पुन्हा पुन्हा मारत राहतात ते याच फरकासाठी. पण बाहुली नीट आहे म्हणून घरी निश्चिंत बसू नका. सुरुवातीला नीट असलेली बाहुली पुढच्या काही दिवसांत मोठी होऊ शकते, म्हणूनच तिसऱ्या नसेच्या संशयात रक्तवाहिन्यांची सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी सहसा लगेच करतात.

आता घाबरायचं नाही अशी बाजू. साधारण पाचांतल्या एका निरोगी माणसाच्या बाहुल्यांमध्ये जन्मजात थोडा फरक असतो. जुने फोटो मोठे करून पाहा. फरक तिथेही असेल आणि पापणी ठीक असेल, तर तो तुमचाच आहे. तरीही अचानक दोन दिसू लागलं असेल तर हा निर्णय स्वतः घेऊ नका, फोटो डॉक्टरांना दाखवा.

जुन्या फोटोंचा दुसराही उपयोग आहे. शाळेच्या वर्गाच्या फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळीकडे तुमची मान एकाच बाजूला कलती दिसत असेल, तर कदाचित हा दोष लहानपणापासूनचा आहे. मेंदू इतकी वर्षं जोर लावून दोन प्रतिमा जुळवत आला. चाळिशी-पन्नाशीत ती ताकद कमी पडली, किंवा एखादा आजार, जागरण, नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा निमित्त झाला, आणि झाकलेला तिरळेपणा उघडा पडला. अशा लोकांना संध्याकाळी थकल्यावर त्रास वाढतो आणि नेट लावून पाहिलं की प्रतिमा जुळतात. मला विचाराल तर या सगळ्या यादीतलं हे सर्वांत सुदैवी निदान. फोटो बरोबर न्या. डॉक्टरांचा बराच वेळ वाचेल.

चौथी पायरी: दिवसभराचा आलेख

तीन दिवस, दर तीन तासांनी वहीत एक ओळ लिहा: दोन दिसतं का, कुठे पाहताना, किती. कंटाळवाणं काम आहे, पण दोन आजार यातच पकडले जातात.

सकाळी ठीक, दुपारनंतर वाढत जाणारं, झोप काढली की कमी होणारं, आज डावी पापणी जड तर परवा उजवी: हे मायस्थेनियाचं वागणं. यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि वापराबरोबर स्नायू दमतो. यात बाहुली कधीच बिघडत नाही. मिनिटभर छताकडे टक लावून पाहा. पापणी हळूहळू घसरू लागली तर वहीत नोंद करा. पापणी पडलेली असताना रुमालात गुंडाळलेला बर्फ मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं ठेवून लगेच पाहिलं आणि ती दोनएक मिलिमीटर वर आलेली दिसली, तर तो चांगला पुरावा. दवाखान्यातही ही चाचणी करतात. काही बदललं नाही म्हणून आजार नाही असं मात्र ठरत नाही. रक्तातल्या अँटीबॉडीचंही तसंच: आजार फक्त डोळ्यांपुरता असेल, तर जवळपास निम्म्या रुग्णांत त्या सापडत नाहीत. मग स्नायूंची विद्युत तपासणी करावी लागते, आणि थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी. डोळ्यांपासून सुरू झालेला हा आजार पुढे शरीरभर पसरू शकतो, सहसा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून पाठपुरावा सोडायचा नाही.

उलटा आलेख, म्हणजे सकाळी जास्त आणि दिवस चढेल तसं कमी, हा थायरॉइडच्या डोळ्यांचा. सोबत डोळे वटारल्यासारखे दिसणं, पापण्या सुजणं, पाणी येणं. इथे स्नायू दुबळा नसतो. सुजून आखडलेला असतो आणि डोळ्याला मोकळेपणी फिरू देत नाही. रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची नेहमीची तपासणी, नॉर्मल आलं तरी हा आजार असू शकतो, म्हणून अँटीबॉडी आणि डोळ्यांच्या खोबणीचा स्कॅनही पाहतात. धूम्रपानाने तो हमखास बिघडतो. रंग फिके दिसू लागले किंवा नजर कमी झाली, तर ती इमर्जन्सी समजा. दृष्टीची नस दाबली जात असते.

पाचवी पायरी: औषधांची पिशवी आणि मागचे सहा महिने

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. अपस्माराच्या झटक्यांसाठीच्या (फिट्सच्या) कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन यांचा डोस जास्त झाला की दोन दिसू शकतं, झोपेच्या गोळ्यांनीही. स्वतःहून बंद मात्र करू नका, झटक्यांची औषधं तर नाहीच. मागच्या महिनाभरात ताप, जुलाब, घशाचा संसर्ग झाला होता का, वजन उतरलंय का, तहान वाढली आहे का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हेही लिहा. वाकल्यावर वाढणारी डोकेदुखी आणि कानात नाडीसारखा धडधड आवाज असेल तर तो ठळक लिहा: कवटीतला दाब वाढला की सहावी नस सर्वांत आधी तक्रार करते, कधी दोन्ही बाजूंची. तेव्हा डॉक्टर बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून डोळ्याच्या मागे सूज आहे का ते पाहतात.

रात्री तीनदा उठणं मी वयाच्या खात्यात टाकलं होतं.

कुणाकडे, आणि कोणत्या तपासण्या

धोक्याची लक्षणं नसतील, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, शक्यतो ज्यांच्याकडे तिरळेपणाची तपासणी होते तिथे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. ते प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काच, धरून दोन डोळ्यांच्या दिशांतला फरक मोजतात आणि कोणता स्नायू कुठे कमी पडतो त्याचा तक्ता काढतात. या तक्त्याची प्रत मागून घ्या, पुढे सुधारणा मोजायला तोच आधार होतो. मग गरजेप्रमाणे मेंदूविकारतज्ज्ञ.

रक्ताच्या तपासण्यांत साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, थायरॉइड, पन्नाशीनंतर शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, शंका असेल तर मायस्थेनियाच्या अँटीबॉडी. रक्तदाब तर तिथेच मोजतात. एमआरआय प्रत्येकाला लगेच करायचा की नाही, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. पन्नाशी उलटलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाची फक्त सहावी किंवा चौथी नस गेली असेल, तर काही जण लक्ष ठेवून थांबतात. पन्नाशीच्या आत, कर्करोगाचा पूर्वेतिहास असताना, एकापेक्षा जास्त नसा बिघडल्या असताना, किंवा बरोबर आणखी काही लक्षण असताना कुणी थांबत नाही. स्कॅन करायचाच असेल, तर नुसता मेंदूचा नको, डोळ्यांच्या खोबणीचाही त्यात आहे ना, हे विचारून घ्या.

माझा एमआरआय स्वच्छ आला. एचबीए१सी ९.१ आला. सहाव्या नसेचा बारीक रक्तपुरवठा साखरेने अडवला होता, आणि मधुमेह आहे हे मला डोळ्याने सांगितलं.

तोवर दिवस कसे काढायचे

गाडी बंद, शिडी बंद, फिरत्या यंत्राजवळचं काम बंद, डॉक्टर सांगेपर्यंत. एक डोळा झाकला की दोन दिसणं लगेच थांबतं. कोणताही झाका, आलटून पालटून झाका; मोठ्या माणसाचा डोळा झाकल्याने आळशी होत नाही, आणि बरं व्हायलाही उशीर लागत नाही. काळी पट्टी लावून वावरायचा मला संकोच वाटायचा, म्हणून चष्म्याच्या एका काचेला आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली. बाहेरून फारसं कळत नाही. मात्र एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो: पाणी ओतताना भांड्याचा काठ बोटाने धरा, जिन्यात कठडा. त्रास लांबणार असेल, तर चष्म्याच्या काचेवर चिकटणारा पातळ प्लॅस्टिकचा प्रिझम मिळतो. अंतर बदललं की तोही बदलता येतो.

साखरेने किंवा रक्तदाबाने गेलेली नस बहुतेकांची तीन महिन्यांत परत येते. तीन महिन्यांनीही हलत नसेल, किंवा मध्येच वाढली, तर "अजून थोडं थांबू" चालत नाही. स्कॅन झाला नसेल तर करायचा, झाला असेल तर पुन्हा पाहायचा. कायम राहिलेल्या तिरळेपणावर शस्त्रक्रिया होते, पण मोजमाप निदान सहा महिने स्थिर राहिल्यावर.

मोजायची माझी पद्धत अशी होती. भिंतीवर उभी चिकटपट्टी लावली, तीन मीटरवर जमिनीला खूण केली, आणि दर रविवारी तिथे उभी राहून नजर पट्टीवर ठेवत डोकं हळूहळू उजवीकडे वळवत गेले. म्हणजे डोळ्यांना डावीकडे जावं लागतं. पट्टीच्या दोन पट्ट्या होताना हनुवटी कुठे आहे, ते मुलगा लिहून ठेवायचा. पहिल्या रविवारी डोकं सरळ असतानाच दोन. पाचव्याला हनुवटी खांद्याच्या अर्ध्या वाटेवर. अकराव्या रविवारी हनुवटी खांद्याला टेकली, तरी पट्टी एकच होती.